पस्तीस ठिपक्यांतले अक्षर

रांगोळीचे ठिपके जोडले की आकृती उमटते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. यंत्रांनी मात्र ठिपके सुटेच ठेवले आणि त्यांतून अक्षर दाखवले. आज अशा ठिपक्यांची अक्षरे जाहिरातींत जुन्या काळाची गंमत म्हणून वापरली जातात. एके काळी त्यामागे हौस नव्हती, काटकसर होती.

न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात १९२८ साली एका इमारतीभोवती १४,८०० दिव्यांचा पट्टा बसवण्यात आला. अक्षराच्या आकारात ठरावीक दिवे लागत आणि बातमी इमारतीभोवती धावू लागे. त्याच नोव्हेंबरात हर्बर्ट हूव्हर अध्यक्षपदी निवडून आल्याची बातमी या पट्ट्यावर झळकली.

पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आणि प्रश्न पडला: कमीत कमी किती ठिपक्यांत अक्षर ओळखू येईल? सर्वत्र रुळलेले उत्तर होते, पाच उभ्या आणि सात आडव्या ओळी, म्हणजे पस्तीस ठिपके. १९८० साली जपानच्या एप्सन कंपनीने आणलेल्या ‘एमएक्स-८०’ या प्रिंटरमध्ये नऊ सुया होत्या. त्या शाईच्या फितीवर आपटत आणि कागदावर ठिपके उमटत.

रोमन लिपीचे एवढ्यात भागले. आपल्या देवनागरीचे काय? सात ओळींपैकी एक शिरोरेघेला द्या, वरच्या वेलांटी-मात्रांना दोन द्या, खालच्या उकारांना दोन द्या. मूळ अक्षराला उरतात दोनच! त्यांत ‘क’ बसवायचा कसा आणि ‘क्ष’ तरी कसा? शिवाय आपल्याकडे एकेका ठिपक्याला अर्थ आहे. ‘चिंता’वरचा अनुस्वार गळला, तर उरते ‘चिता’.

म्हणून देवनागरीला अधिक ठिपके लागले, आणि अक्षरे जुळवणारी अधिक हुशार यंत्रणाही. ते काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘जिस्ट’ या नावाने ते पुढे नेले. जिस्टचे कार्ड बसवले की साध्या संगणकाच्या पडद्यावरही भारतीय लिप्या उमटू लागल्या. अडचण लिपीत नव्हती. यंत्राचे माप दुसऱ्याच लिपीवरून घेतलेले होते.

आज आपल्या हातातल्या मोबाइलवरचे अक्षरही ठिपक्यांचेच असते. ठिपके इतके बारीक झाले आहेत की ते दिसत नाहीत, एवढेच. तरी ठिपक्यांचा टंक कुणी हौसेने मराठीत करायला घेतला, तर पस्तीसचा हिशेब बाजूला ठेवून आपल्या अक्षराला किती जागा लागते, ते आधी मोजावे. आणि अनुस्वाराचा ठिपका इतर ठिपक्यांच्या गर्दीत वेगळा ओळखू येतो ना, तेही पाहावे.