लैंगिक साधने

कामसुखासाठी एकट्याने किंवा जोडीदारासह वापरायची उपकरणे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील सातव्या अधिकरणात सोने, चांदी, हस्तिदंत, लाकूड अशा पदार्थांच्या ‘अपद्रव्यां’चे वर्णन येते, तेव्हा हे खूळ पाश्चात्त्यांनी आणले, हा समज टिकत नाही. ब्रिटिश डॉक्टर जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८०च्या दशकात विजेवरचे कंपनयंत्र काढले ते स्नायू व मज्जातंतूंच्या दुखण्यांसाठी. त्याने स्त्रियांच्या ‘हिस्टेरिया’वर उपचार होत, ही लोकप्रिय कथा पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही.

वैद्यकीय दर्जाचे सिलिकोन, बोरोसिलिकेट काच आणि स्टेनलेस स्टील यांत जंतूंना शिरायला छिद्रे नसतात. स्वस्त, मऊ पीव्हीसीत थॅलेट रसायने असू शकतात आणि ते पूर्ण निर्जंतुकही होत नाही. वापरानंतर साधन साबणाने धुवावे. साधनावर कंडोम चढवला असेल, तर दुसऱ्याने वापरण्यापूर्वी तो बदलावा. सिलिकोनला पाण्यावर आधारित वंगणच बरे. गुदमार्गासाठी रुंद बुडाचेच साधन घ्यावे, अन्यथा ते आत सरकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

भारतात अशा वस्तूंना अश्लीलताविषयक कायद्याची आडकाठी होते. मात्र लैंगिक साधन ठरवून बॉडी मसाजरची सीमाशुल्क विभागाने केलेली जप्ती रद्द करणारा लवादाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम ठेवला.