संगणकातील संगीत आणि दिवाणखान्यातील स्टिरिओ : ध्वनिगुणवत्तेच्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या अखेरीस घरगुती संगीतश्रवणात एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडून आले. रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी या क्रमाने घरात आलेले संगीत संगणकाच्या हार्ड डिस्कवर जाऊन बसले. परंतु ते नीट ऐकविणारे अँप्लिफायर व स्पीकर मात्र दिवाणखान्यातच राहिले. या दोहोंना जोडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सामान्यतः नेटवर्कच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ही मांडणी अपुरी आहे. आवाज बिघडत होता तो वाटेत नव्हे, तर बहुतांशी निघण्यापूर्वी, संगणकाच्या आतच. आणि सुधारणा झाली ती संगणकाकडून काही कामे काढून घेतल्यामुळे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात करण्यात आले आहे.

दोन आकड्यांचा वारसा :

फिलिप्स व सोनी यांनी विकसित केलेली सीडी १९८२ साली जपानच्या बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला ध्वनिलहरीचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांत नोंदविले जातात. हा आकडा केवळ श्रवणशास्त्रातून निघालेला नाही. आरंभीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर केले जाई. टेपवरील चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने, प्रत्येक क्षेत्रात २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपीय पद्धतीत ३, २९४ आणि ५० यांचा गुणाकारही तितकाच येतो. व्यावसायिक ध्वनिमुद्रण व चित्रण क्षेत्राने मात्र ४८,००० हा वेगळा दर स्वीकारला.

या दोन परंपरांची गाठ पडली ती संगणकात. इंटेलने १९९७ मध्ये मांडलेली एसी-९७ ही ध्वनिचिपांची प्रमाणपद्धती ४८,००० या दरावर आधारलेली होती आणि त्या काळातील पुष्कळ स्वस्त चिपा तेवढाच दर स्वीकारीत. परिणामी सीडीवरून घेतलेले गाणे वाजविताना प्रत्येक १४७ नमुन्यांचे १६० नमुने बनवावे लागत. हे गणित काळजीपूर्वक केल्यास कानाला फरक जाणवू नये. घाईने केल्यास मूळ संगीतात नसलेले स्वर त्यात मिसळतात. विंडोज ९८ ते विंडोज एक्सपी या प्रणालींत हे काम प्रणालीच्या गाभ्यातील मिश्रक करीत असे. नव्या पत्राची वर्दी देणारी घंटी आणि चालू असलेला राग एकाच वेळी ऐकू यावेत, हा त्याचा मूळ हेतू. दररूपांतराची गुणवत्ता ठरविणारी एक सरकपट्टी कंट्रोल पॅनेलच्या आतल्या कप्प्यात ठेवलेली होती. तेथवर किती श्रोते पोहोचले असतील, हा प्रश्नच आहे.

आवाजाची पातळी संगणकातच कमी करणे हेही असेच एक न दिसणारे नुकसान. १६ बिटांच्या साखळीत आकडे निम्मे केले की एक बिट जातो. म्हणून संगणकाची पातळी पूर्ण ठेवून अँप्लिफायरचे बटण फिरवावे, ही साधी सूचना अनेक महागड्या उपायांपेक्षा अधिक उपयुक्त होती आणि आजही आहे.

यापुढील अडचण विजेची होती. मदरबोर्डवरील छोट्या छिद्रातून तार काढून ती अँप्लिफायरला जोडली की संगणकातील विद्युत गोंगाट तिच्यासोबत येई. काही घरांत माऊस हलविताच स्पीकरमधून बारीक किरकिर ऐकू येई. संगणक आणि अँप्लिफायर या दोघांनाही अर्थिंग असल्यास तारेच्या आवरणातून वर्तुळ पूर्ण होऊन घूं असा नाद सुरू होतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने त्या नादाचा पायाही तोच. याला प्रभावी उतारा म्हणजे प्रकाशतंतू, कारण त्यातून वीज वाहत नाही.

एमपी-३ या संक्षेपपद्धतीचा उल्लेख येथे करावयास हवा, तो थोडक्यात. १२८ किलोबिट या दराने साठविलेल्या गाण्यात सीडीच्या सुमारे एक अकरांश इतकीच माहिती उरते. २००१ मध्ये फ्लॅक ही काहीही न गमावता आकुंचन करणारी पद्धती मुक्त स्वरूपात उपलब्ध झाली आणि हार्ड डिस्क स्वस्त होत गेल्यावर ही अडचण बऱ्याच अंशी मागे पडली.

कामाची नवी वाटणी :

सीडीतील ध्वनीसाठी सेकंदाला सुमारे १४ लक्ष बिट लागतात. १९९९ च्या वायफाय प्रमाणकाचा नाममात्र वेग १ कोटी १० लक्ष बिटांचा होता. प्रत्यक्षात तो निम्मा मिळाला तरी पुरेसा होता. म्हणजे वाट रुंद होती. उणीव होती ती दुसऱ्या टोकाला बसून आकड्यांचा ध्वनी करणाऱ्या साधनाची. स्लिम डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये स्लिमपी-३ हे उपकरण आणले. ते तारेच्या नेटवर्कवर चाले आणि फक्त एमपी-३ उलगडे. २००३ मध्ये स्क्विझबॉक्स आले. त्याची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये फ्लॅक धारिका स्वतःच उलगडू लागली. २००४ मध्ये ॲपलने एअरपोर्ट एक्स्प्रेस हे भिंतीवरील प्लगमध्ये बसणारे छोटे उपकरण विकण्यास आरंभ केला. आयट्यून्समधील संगीत ते हानिरहित संक्षेपात पाठवीत असे आणि त्याच्या एकाच छिद्रातून साधी तार किंवा प्रकाशतंतू यांपैकी काहीही जोडता येई.

या उपकरणांचे खरे महत्त्व ती बिनतारी होती यात नव्हते. संगणकाने केवळ धारिका किंवा आकडे पाठवावयाचे; ते काही काळ साठवून, स्वतःच्या स्फटिकाच्या तालावर ध्वनीत रूपांतरित करण्याचे काम स्टिरिओशेजारच्या पेटीने करावयाचे, अशी वाटणी त्यांनी केली. वाटेत एखादे पाकीट हरवल्यास ते पुन्हा मागविले जाते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे पोहोचतात. प्रणालीचा मिश्रक आणि मदरबोर्डचा गोंगाट दोन्ही मागे राहतात.

घड्याळाचा वाद :

आकडे अचूक पोहोचले तरी ते योग्य क्षणी ध्वनीत रूपांतरित होणे आवश्यक असते. या क्षणांतील सूक्ष्म अनियमिततेस जिटर म्हणतात. सीडी प्लेअरमागील एसपीडीआयएफ जोडणीत काल आणि आकडे एकाच संकेतात गुंफलेले असतात. त्यातील दोषांची चर्चा ख्रिस डन व माल्कम हॉक्सफर्ड यांनी १९९२ मध्येच केली होती. यूएसबीने हा प्रश्न पुन्हा उभा केला. आरंभीचे बहुतेक स्वस्त ध्वनिपरिवर्तक संगणकाच्या तालामागे फरफटत जात. उलट, परिवर्तकाने आपला ताल स्वतः धरावा आणि संगणकाकडे माल मागावा, ही असमकालिक रीत यूएसबीच्या १९९८ च्या ध्वनिप्रमाणकात होतीच. घरगुती श्रोत्यांत तिचा बोलबाला झाला तो सुमारे दशकभराने.

तत्त्वतः हा बदल योग्यच होता. परंतु येथेच व्यापाराने विज्ञानाच्या पुढे धाव घेतली. २००५ मध्ये जपानमधील संशोधक आशिहारा व सहकाऱ्यांनी घेतलेल्या चाचण्यांत, प्रशिक्षित श्रोत्यांनाही संगीतातील यादृच्छिक जिटर कित्येक शे नॅनोसेकंदांपर्यंत वाढल्याखेरीज ओळखता आला नाही. सामान्य उपकरणांतील जिटर त्याहून पुष्कळच कमी असतो. २००७ मध्ये मायर व मोरान यांनी उच्चक्षमता ध्वनिमुद्रणाच्या मार्गात सीडीच्या दर्जाची साखळी घालून ५५४ चाचण्या घेतल्या. अचूक उत्तरे निम्म्याच्या आसपास, म्हणजे नाणे उडवून मिळावीत तितकीच आली. तरीही सर्वाधिक पैसा खर्च झाला तो या न ऐकू येणाऱ्या दोषावर. सरकपट्टी, अर्थिंग आणि आवाजाची पातळी यांची जाहिरात कोण करणार?

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ग्राहकांना दिलेल्या व्हिस्टा प्रणालीत मिश्रकाला बगल देऊन परिवर्तकापर्यंत थेट जाण्याची सोय केली. स्लिम डिव्हायसेस २००६ मध्ये लॉजिटेककडे गेली आणि स्क्विझबॉक्सची निर्मिती २०१२ मध्ये थांबली. त्याची सर्व्हर प्रणाली मात्र मुक्त असल्याने स्वयंसेवकांनी ती चालू ठेवली. एअरपोर्ट एक्स्प्रेस २०१८ मध्ये बंद झाले. दरम्यान बहुतेक घरांत ब्लूटूथ रूढ झाले. त्यात संगणक आधी सर्व ध्वनी एकत्र मिसळतो, मग हानिकारक संक्षेप करून पाठवितो. विंडोजमध्ये थेट मार्गाची सोय आजही आहे, परंतु ती वापरणारा प्लेअर निवडून तशी मांडणी श्रोत्यालाच करावी लागते. अन्यथा ४४,१०० चे गाणे ४८,००० वर ठेवलेल्या उपकरणाकडे रूपांतरित होऊनच जाते.