बोअर वाढला, पंप तोच

कल्याण-डोंबिवलीच्या गॅरेजात जुन्या गाडीचे ‘इंजिनकाम’ निघाले की पहिली चौकशी बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाची, होते. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला रिंगा दिशा बदलतात, तिथे ऑइल कमी पोचते आणि आच सर्वांत जास्त लागते. म्हणून झीजही तिथेच जास्त. हेड काढून आत बोट फिरवले तर न झिजलेल्या काठाची धार नखाला अडकते. तोवर गाडी ऑइल खाऊ लागलेली असते, पिकअप पडलेला असतो. मग ब्लॉक बोअरिंगला जातो, होनिंग होते आणि मोठ्या मापाचे पिस्टन बसतात.

मुंबई-ठाणे पट्ट्यात या कामाला सर्वांत मोठे गिऱ्हाईक फिएटने दिले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944ची. कुर्ल्याच्या कारखान्यात 1950च्या दशकात फिएट 1100 तयार होऊ लागली आणि 1974 पासून तिचीच पुढची आवृत्ती ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेली. इंजिन 1089 सीसीचे. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. गाडी मिलिमीटरची, पण गॅरेजची भाषा इंचाच्या हजारांशाची: वीस, चाळीस, साठ. चाळीसचा बोअर म्हणजे सुमारे 1 मिलिमीटर जादा, आणि इंजिन होते साधारण 1122 सीसी. वाढ जेमतेम तीन टक्के. कार्ब्युरेटर हवेच्या ओढीप्रमाणे पेट्रोल सोडतो, त्यामुळे एवढ्यासाठी जेट बदलायची गरज नसते. साठनंतर भिंत पातळ होते. मग स्लीव्ह ठोकून बोअर पुन्हा 68वर आणतात. म्हणजे वाढत गेलेले इंजिन एक दिवस परत कंपनीच्या मापाला येते.

डिझेलचे गणित वेगळे, आणि त्याची गाडी कल्याणचीच. प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारीतून 1994च्या सुमारास कंपनीच्या कल्याण कारखान्यात, प्रत्यक्षात डोंबिवलीजवळ, प्यूजो 309 तयार होऊ लागली. तिचे डिझेल इंजिन 1527 सीसीचे, बोअर 77 आणि स्ट्रोक 82 मिलिमीटर. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला तर वीसेक सीसींची भर पडते. पण इथे इंधन मोजून देतो तो पंप, आणि त्याला सिलिंडर मोठा झाल्याचा पत्ता नसतो. तो पूर्वीइतकेच डिझेल देतो. हवा तेवढी किंचित जास्त मिळते आणि ज्वलन स्वच्छ होते. ताकद वाढवण्यासाठी पंपाचा स्क्रू पिळण्याचा मोह मात्र महागात पडतो: काळा धूर, तापलेले पिस्टन आणि नव्या बोअरची नासाडी. शहाणा मिस्त्री पंप कॅलिब्रेशनला पाठवून मूळ मापावरच आणतो, नोझल टेस्टरवर दाबून फवारा बारीक पडतो की थेंब गळतो ते पाहतो, आणि टायमिंग बेल्ट चढवताना पंपाची खूण दोनदा तपासतो. एक दात चुकला तरी इंजेक्शनची वेळ बिघडते.

प्यूजो 1997च्या सुमारास भागीदारीतून बाहेर पडली. हेच 1527 सीसीचे डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीम या गाड्यांत आले. डोंबिवलीचा कारखाना मात्र बंद पडला. कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर’ हे नाव आता मैदानाला उरले आहे.