सेवाग्रामांतील एक नास्तिक आणि शपथेचा प्रश्न

वर्धा जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लिहितांना जमनालाल बजाज, सत्याग्रहाश्रम, नयी तालीम, ग्रामोद्योग इत्यादि विषयांचा परामर्श घेण्याची पद्धति रूढ आहे व ती योग्यहि आहे. परंतु या इतिहासांतील एका प्रकरणाकडे अभ्यासकांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. जेथें सकाळ-सायंकाळ प्रार्थना होत असे त्या सेवाग्राम आश्रमांत १९४४ सालीं एक उघड नास्तिक पाहुणा म्हणून आला. आणि पुढें त्याच्या कन्येच्या विवाहांत शपथेंतील ईश्वराचें नांव काढून तेथें दुसरा शब्द घालण्यास खुद्द गांधींनीं मान्यता दिली. ही घटना लहान आहे, पण तिच्यांत गुंतलेला प्रश्न लहान नाहीं. नास्तिकाविषयीं समाजाच्या मनांत जी अढी असते ती नेमकी कशाची असते, हा तो प्रश्न होय.

प्रथम शब्दाचाच इतिहास पाहूं. 'आस्तिक' व 'नास्तिक' हे शब्द कसे सिद्ध होतात हें पाणिनीनें सांगितलें आहे. आणि त्या सूत्रावरील काशिकावृत्तीप्रमाणें परलोक आहे असें मानणारा तो आस्तिक व तसें न मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतींत वेदाची निंदा करणारा तो नास्तिक ठरला. ईश्वर नाहीं असें म्हणणारा, हा आज रूढ असलेला अर्थ या दोहोंहून निराळा आहे. दुसरा अर्थ घेतल्यास चमत्कारिक स्थिति उत्पन्न होते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेंत सृष्टिकर्त्या ईश्वरास स्थान नाहीं, आणि कुमारिलभट्टानें तर श्लोकवार्तिकांत सृष्टिकर्त्याचें खंडनच केलें आहे. तथापि सांख्य व मीमांसक हे आस्तिक! उलटपक्षीं परलोक व कर्मफल मानणारे जैन आणि बौद्ध मात्र नास्तिक! यावरून इतकें निष्पन्न होतें कीं, 'नास्तिक' हा शब्द आपल्याकडे एखाद्या मताचें वर्णन करण्यापेक्षां कोण आपला व कोण परका हें सांगण्यासाठींच अधिक वापरला गेला.

युरोपांत हा परकेपणा एका स्पष्ट युक्तिवादाच्या रूपानें मांडला गेला. धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कर्ता म्हणून प्रसिद्ध असलेल्या जॉन लॉकनें १६८९ सालीं छापलेल्या आपल्या पत्रांत नास्तिकास सहिष्णुतेच्या कक्षेबाहेर ठेविलें. कारण असें कीं, वचन, करार आणि शपथ यांवर समाज उभा आहे व ज्यास ईश्वराचें भय नाहीं त्यास शपथेचें बंधन नाहीं. म्हणजे आक्षेप तत्त्वज्ञानाचा नसून विश्वासाचा होता. या युक्तिवादाची सर्वांत मोठी कसोटी इंग्लंडांत लागली. चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक १८८० सालीं नॉर्दम्प्टनहून पार्लमेंटवर निवडून आला. परंतु शपथेच्या वादामुळें त्यास आपली जागा निर्वेधपणें मिळण्यास १८८६ साल उजाडावें लागलें. पुढें १८८८ च्या कायद्यानें शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याची सर्वांस मोकळीक मिळाली. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसला उपस्थित होता. तो ३० जानेवारी १८९१ रोजीं वारला, तेव्हां त्याच्या अंत्यविधीस लंडनमध्यें शिकत असलेले तरुण मोहनदास गांधी हजर होते. ही गोष्ट त्यांनीं आपल्या आत्मकथेंत नमूद केली आहे.

महाराष्ट्रानेंहि आपला अविश्वास प्रकट करण्यांत कसर केली नाहीं. गोपाळ गणेश आगरकर यांचें शालेय शिक्षण कांहीं काळ आमच्या वऱ्हाडांतील अकोल्यास झालें. त्यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला. ईश्वराविषयीं निश्चयानें कांहीं सांगतां येत नाहीं अशी त्यांची भूमिका होती. पण लोकांनीं त्यांस नास्तिकच म्हटलें, व ते हयात असतांना पुण्यांत त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर अल्प वेतनावर अध्यापन करून १८९५ सालीं फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतांनाच निवर्तले. त्यांच्या चारित्र्यावर विरोधकांसहि बोट ठेवतां आलें नाहीं. चारित्र्याविषयीं शंका नाहीं आणि तरी तिरस्कार आहे, हें या प्रकरणांतील वैशिष्ट्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. गोपराजु रामचंद्र राव, जे 'गोरा' या नांवानें ओळखले जातात, त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०२ रोजीं गंजम जिल्ह्यांतील छत्रपुर येथें एका तेलुगु ब्राह्मण कुटुंबांत झाला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा विषय. नास्तिक मतांमुळें १९३३ सालीं काकिनाडा येथील महाविद्यालयांतील त्यांची नोकरी गेली. पुढें मच्छलीपट्टणम् येथील अध्यापनहि संपलें. १९४० सालीं त्यांनीं पत्नी सरस्वती यांच्यासह कृष्णा जिल्ह्यांतील मुदुनूर या खेड्यांत नास्तिक केंद्र स्थापिलें. प्रौढशिक्षण, अस्पृश्यतानिवारण आणि सर्व जातींचीं सहभोजनें हें तेथील कार्य होतें. ईश्वर व दैव यांवर हवाला ठेवणें सोडल्यावांचून मनुष्य आपल्या कर्तव्याची जबाबदारी घेणार नाहीं, ही त्यांच्या नास्तिकवादाची धारणा होती.

गांधींशीं त्यांचा पत्रव्यवहार १९३० पासूनचा. १९४१ सालीं त्यांनीं भेट मागितली असतां गांधींनीं सेवाग्रामहून नकार कळविला. नास्तिकवाद म्हणजे आत्म्याचा इन्कार होय व गोरांस जें यश मिळालें तें त्यांच्या निष्ठेच्या सेवेचें आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. हा नकार झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. उलट, मत अमान्य व काम मान्य हा भेद गांधींच्या मनांत आरंभापासून होता, हें त्यावरून दिसतें. पुढें १९४४ च्या अखेरीस गोरा सेवाग्रामास आले व फिरावयास जातांना दोघांचीं संभाषणें झालीं. ईश्वरहीन मनुष्याशीं आपण काय बोलावें, अशी गांधींनीं सुरुवात केली. तेव्हां ईश्वरहीनता ही नुसती उणीव होय, परंतु नास्तिकवाद हा जीवनाचा एक भावरूप मार्ग आहे, असें गोरांनीं प्रतिपादिलें. बंगालच्या दुष्काळांत कलकत्त्यास अन्नाच्या दुकानांसमोर माणसें मुकाट्यानें मेलीं, याचें कारण त्यांनीं दैववादांत दाखविलें. अखेर, आपला आस्तिकवाद बरोबर आहे असें किंवा गोरांचा नास्तिकवाद चूक आहे असें आपण म्हणूं शकत नाहीं, दोघेहि सत्याचे शोधक आहों, अशा आशयाचे उद्गार गांधींनीं काढले.

या वृत्तान्ताचें मुख्य साधन म्हणजे गोरांनींच लिहिलेलें व १९५१ सालीं नवजीवन प्रकाशनानें प्रसिद्ध केलेलें पुस्तक. साधन एका पक्षाचें आहे, हें इतिहासाभ्यासकानें विसरूं नये. तथापि तें गांधींच्या स्वतःच्या संस्थेनें छापलें असून वर्ध्यास राहणारे 'हरिजन'चे तत्कालीन संपादक किशोरलाल मशरूवाला यांनीं त्यास प्रस्तावना लिहिली आहे. गांधींच्या इतक्या निकटच्या विचारवंताच्या नजरेखालून गेलेल्या वृत्तान्तास आम्ही विश्वसनीय मानतों. शिवाय तो गांधींच्या पूर्वीच्या भूमिकेशीं जुळतोहि. ईश्वर सत्य आहे या वाक्यापेक्षां सत्य हाच ईश्वर आहे हें वाक्य अधिक यथार्थ असल्याचें त्यांनीं डिसेंबर १९३१ मध्यें स्वित्झर्लंडमध्यें सांगितलें होतें. आणि सत्याची आवश्यकता नास्तिकहि नाकारीत नाहींत, हें त्याचें एक कारण दिलें होतें.

या वाक्याची व्यवहारांत परीक्षा विवाहप्रसंगीं झाली. गोरांची कन्या मनोरमा हिचा विवाह अस्पृश्य मानलेल्या जातींतील अर्जुनराव यांच्याशीं ठरला होता. गांधींनीं तो आश्रमांत करण्याचें मान्य केलें. मात्र दोन वर्षें थांबावें व तोंवर वरानें सेवाग्रामांत राहावें, असें सुचविलें. विधींत ईश्वराच्या नांवानें शपथ घ्यावयाची, ती नास्तिक कुटुंबानें कशी घ्यावी? गांधींनीं ईश्वराच्या जागीं सत्याचें नांव घेण्यास संमति दिली. ते स्वतः तो विवाह पाहूं शकले नाहींत. ३० जानेवारी १९४८ नंतर सहा आठवड्यांनीं, १३ मार्च १९४८ रोजीं, तो सेवाग्रामांत सत्याच्या नांवानें पार पडला. त्याच सुमारास देशांतील रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद तेथें भरली होती.

येथें अशी शंका येईल कीं, निरीश्वरवादी पुरुष वर्ध्यास नवीन नव्हते. बौद्धधर्माचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांनीं जून १९४७ मध्यें सेवाग्रामांतच आमरण उपवासानें देह ठेविला. भदंत आनंद कौसल्यायन यांनीं वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचें मंत्रिपद दीर्घकाळ सांभाळिलें. दोघांसहि सृष्टिकर्ता ईश्वर मान्य नव्हता व दोघांसहि येथें आदर मिळाला. परंतु त्यांच्या पाठीशीं एका प्राचीन धर्माचें नांव होतें. गोरांपाशीं असा कोणताहि आश्रय नव्हता. 'नास्तिक' हेंच नांव ते अभिमानानें धारण करीत. म्हणून सेवाग्रामची खरी परीक्षा गोरांच्या बाबतींत झाली असें आम्हांस वाटतें.

तुलनेसाठीं अमेरिकेकडे पाहावें. तेथील राज्यघटनेनें संघराज्याच्या अधिकारपदांसाठीं धर्माची अट मूळांतच वर्ज्य केली; तथापि अनेक घटकराज्यांनीं ईश्वरश्रद्धेची अट ठेविली होती. मेरीलँडमध्यें रॉय टॉर्कासो यानें ईश्वरावर श्रद्धा असल्याचें प्रतिज्ञापूर्वक सांगण्याचें नाकारलें म्हणून त्यास नोटरीची सनद मिळेना. १९६१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्याच्या बाजूनें निर्णय दिला. तरी टेक्सास, टेनेसी इत्यादि राज्यांच्या घटनांत तसे निर्जीव शब्द अद्याप छापलेले आहेत. लोकमत पाहावें तर गॅलप संस्थेच्या पाहणींत आपल्या पक्षाच्या लायक परंतु नास्तिक उमेदवारास राष्ट्राध्यक्षपदासाठीं मत देऊं असें म्हणणारे १९५८ सालीं शेंकडा १८ होते. २०१९ मध्यें ते शेंकडा ६० झाले. न्यायालयानें एका दिवसांत दिलेलें समाजाच्या मनानें देण्यास साठ वर्षें घेतलीं, आणि तेंहि अपुरेंच.

आपल्याकडे कायदा याबाबत आधींच उदार होता. १८७३ च्या शपथांच्या कायद्यानें हिंदु व मुसलमान साक्षीदारांस आणि शपथेस हरकत असणाऱ्या कोणासहि प्रतिज्ञेची वाट मोकळी केली. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचींत ईश्वराची शपथ व गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय शेजारीं शेजारीं आहेत. परंतु कायद्यानें दिलेला पर्याय म्हणजे शेजाऱ्यानें दिलेला विश्वास नव्हे. ज्या पुण्यांत आगरकरांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली, त्याच पुण्यांत २० ऑगस्ट २०१३ रोजीं अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेंचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. या दोन घटनांमध्यें सव्वाशें वर्षांचें अंतर आहे.

लॉकनें विचारलेला प्रश्न निरर्थक नव्हता. ज्याच्या शब्दावर विसंबावयाचें, तो शब्द कोणत्या खुंटीस बांधलेला आहे हें जाणण्याचा समाजास अधिकार आहे. लॉकची चूक एवढीच कीं, खुंटी एकच आहे असें त्यानें गृहीत धरलें. आगरकरांचें चारित्र्य निष्कलंक असूनहि त्यांस विश्वास मिळाला नाहीं, कारण दोन्ही पक्षांस उच्चारतां येईल असा शब्द त्या समाजापाशीं नव्हता. सेवाग्रामांत तो सांपडला. तेथें कोणीं श्रद्धा सोडली नाहीं व कोणीं ती पांघरली नाहीं. गोरा १९७५ सालीं नास्तिक म्हणूनच वारले आणि गांधी अखेरपर्यंत रामनाम घेत राहिले. मताचा निकाल न लागतांहि परस्परांचा शब्द प्रमाण मानतां येतो, याचा हा दाखला आमच्या जिल्ह्याच्या दफ्तरांत नोंदलेला असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.