बीपी 'खानदानी' असतं म्हणजे नेमकं काय?

"आमच्या खानदानातच बीपी आहे, डॉक्टर." पाचोडच्या कुठल्याही दवाखान्यात थोडा वेळ बसा, हे वाक्य कानावर येतंच. ते खोटं नाही. माणसामाणसांतल्या बीपीच्या फरकात साधारण ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा, असं जुळ्या भावंडांचे आणि कुटुंबांचे अभ्यास सांगतात. पण मित्रांनो, खानदानातून फक्त जनुकंच येतात का? पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये बीपी गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त. कारण शोधलं गेलं त्यांच्या वंशात. एक गोष्ट तर फारच गाजली: गुलामांच्या जहाजांवर जुलाबाने, घामाने माणसं मरायची. ज्यांचं शरीर मीठ धरून ठेवायचं तेच जगले, आणि तो गुण पुढच्या पिढ्यांत उतरला. ऐकायला पटतं. पण १९९२ साली इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी दाखवून दिलं की जुन्या नोंदी या गोष्टीला आधार देत नाहीत.

मग १९९७ साली रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी एकाच मुळाच्या लोकांची तीन ठिकाणची आकडेवारी मांडली. बीपीचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३. मूळ एकच, आकडे दुप्पट! २००५ च्या तुलनेत तर गोऱ्या जर्मनीत ५५ टक्के आणि नायजेरियात १४ च्या आसपास निघाले. वंशावर बोट ठेवणाऱ्यांना याचं उत्तर देणं अवघड आहे.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं दिसायला बारीक, पण चरबी त्या मानाने टिकून. मांस आणि अवयव मात्र कमी. किडनीतल्या बारीक गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नव्या होत नाहीत. बाळ लहान तर गाळण्या कमी, आणि मीठ बाहेर टाकायची ताकदही कमी. अशा बाळाला मोठेपणी बीपीचा धोका जास्त. म्हणजे जे 'रक्तात' आहे असं आपण म्हणतो, त्यातलं काही आजीच्या ताटात होतं.

आणि त्या ताटाचा इतिहास मराठवाड्याला सांगायची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ आठवा. सुकडी, मिलो, आणि खडी फोडायला उन्हात बसलेल्या बाया. त्यांच्यात गरोदर बायाही होत्या. तेव्हा पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे.

याचा आजच्या गावाशी थेट संबंध आहे. आपल्याच पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने वर्षानुवर्षं मुलींचं लग्नाचं वय, अंगातलं रक्त कमी असणं आणि कमी वजनाची बाळं यावर काम केलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुलींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग चालवले, तेव्हा त्या गावांतलं लग्नाचं मधलं वय १६ वरून १७ वर गेलं. एकच वर्ष, पण अंग भरायला मिळालेलं वर्ष!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. घरात बीपी असेल तर तपासून घ्या, गोळी मनानं बंद करू नका, लोणचं-पापड आवरा. पण 'खानदानी आहे' म्हणून हात झटकू नका. जनुकं बदलता येत नाहीत. सुनेच्या ताटात काय पडतं आणि पोरीचं लग्न कधी लावायचं, हे मात्र आपल्याच हातात आहे. ग्रामसभेत रस्ता-गटारीबरोबर अंगणवाडीच्या पोषण आहाराचाही हिशेब मागा. पन्नास वर्षांनंतरचं बीपी तिथंच ठरतंय.