शाळेने मुलाबद्दल ‘बोलायला’ बोलावलंय? मीटिंगला जाण्याआधी पालकांनी काय तयारी करावी?

‘उद्या शाळेत येऊन भेटा.’ डायरीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एवढी एक ओळ येते आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. मूल वाचताना सतत अडखळत असेल, त्याला कमी ऐकू येत असेल किंवा ऑटिझम असेल, तर ही भीती आणखी वाढते. शाळेत जायचं, तक्रारी ऐकायच्या, ‘घरी लक्ष देतो’ म्हणायचं आणि परत यायचं, असंच बऱ्याचदा होतं.

पण या मीटिंगमध्ये फक्त मूल कुठे कमी पडतं यावरच बोलायचं नसतं. त्याला शिकता यावं म्हणून शाळा काय बदल करणार, हे तिथे ठरायला हवं. त्यासाठी पालकांनी तयारीने जाणं गरजेचं आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही त्यात येतात.

सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, असं या कायद्याचं कलम १६ सांगतं. म्हणजे सोय मागणं ही शाळेकडे केलेली विनवणी नाही.

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातल्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे कलम ३१ मध्ये आहे.

मात्र अशी मीटिंग कधी आणि कशी घ्यायची, याची पद्धत कायद्यात दिलेली नाही. अमेरिकेत प्रत्येक पात्र मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करणं आणि त्यासाठी पालकांसोबत बसणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे असा आराखडा अनेकदा पालकांनी विचारल्यावरच पुढे येतो. म्हणून शाळेच्या निरोपाची वाट बघत बसू नका. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज देऊन तुम्हीही वेळ मागू शकता.

जाण्याआधी काय करायचं?

*एक फाइल बनवा.* डॉक्टरांचे आणि थेरपिस्टचे रिपोर्ट, असल्यास दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड आणि मागची प्रगतिपुस्तकं त्यात ठेवा. शाळेत फक्त झेरॉक्स द्या, मूळ कागद घरीच राहू द्या.

*वह्या सोबत न्या.* फळ्यावरचं अर्धवट उतरवलेलं पान आणि तोच धडा मुलाने तोंडी सांगितल्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ, हे दोन्ही शेजारी ठेवलं की अडचण नेमकी कुठे आहे हे शिक्षकांना लगेच दिसतं.

*मुलाला विचारा.* कोणत्या तासाला त्रास होतो? कोणाशेजारी बसायला आवडतं? बाईंनी काय केलं की सोपं जातं? मुलं अशी उत्तरं देतात जी कोणत्याच रिपोर्टमध्ये नसतात.

*एकट्याने जाऊ नका.* बहुतेक वेळा आईच जाते आणि ‘तुमचं लक्ष नाही’ हे तिलाच ऐकावं लागतं. बाबांनी जावं. जमत नसेल तर आजी, मावशी, काका, कोणीही चालेल. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं.

*कोण हजर राहणार, ते विचारा.* वर्गशिक्षक तर हवेतच. शाळेत समुपदेशक किंवा विशेष शिक्षक असतील तर त्यांनाही बोलवायला सांगा. जिल्हा परिषदेच्या शाळेत गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांबद्दल विचारा.

मीटिंगमध्ये काय बोलायचं?

सुरुवात मुलाला काय येतं, इथून करा. मग मोघम न बोलता नेमकं मागा.

समजा, चौथीतल्या मुलाला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो. ‘त्याच्याकडे जरा लक्ष द्या’ या वाक्याला ‘हो, देतो’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं मागता येईल:

• त्याला पहिल्या बाकावर बसवा.
• फळ्यावरच्या मजकुराचा फोटो किंवा झेरॉक्स द्या.
• चाचणीत काही प्रश्न तोंडी विचारा.
• वर्गासमोर मोठ्याने वाचायची सक्ती करू नका.

प्रत्येक मुद्द्यावर तीन गोष्टी ठरवून घ्या: हे कोण करणार, कधीपासून करणार आणि पुन्हा कधी भेटायचं. साधारण दीड-दोन महिन्यांनंतरची तारीख तिथेच घ्या.

परीक्षेतल्या सवलतींचं काय?

बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास असतो.

खासगी मानसतज्ज्ञाचा रिपोर्ट वर्गातल्या सोयींसाठी उपयोगी पडतो. बोर्डाच्या सवलतीसाठी मात्र अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. तपासणीला अनेक फेऱ्या माराव्या लागतात. त्यामुळे दहावीपर्यंत थांबू नका, या मीटिंगमध्येच विषय काढा.

‘दुसरी शाळा बघा’ म्हणाले तर?

तिथल्या तिथे हो म्हणू नका आणि कोणत्याही कागदावर घाईने सही करू नका. शांतपणे म्हणा, ‘हे आम्हाला लेखी द्या.’

शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही.

विशेष शाळा मुलासाठी खरंच चांगली ठरू शकते. पण तो निर्णय विचार करून पालकांनी घ्यायचा असतो.

शाळा ऐकतच नसेल तर गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. त्यानंतर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते.

घरी आल्यावर

त्याच दिवशी शाळेला ईमेल किंवा पत्र पाठवा: ‘आज आपलं असं असं ठरलं, काही राहिलं असेल तर कळवा.’ पत्र दिलंत तर पोच घ्या. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात आणि तोंडी ठरलेलं तिथेच संपतं. हा कागद नव्या शिक्षकांना दाखवता येतो.

आणि दाराआड उभं राहून ‘काय म्हणाल्या बाई?’ असं विचारणाऱ्या मुलाला खरं उत्तर द्या. ‘तुला सोपं जावं म्हणून आम्ही काय करायचं, ते ठरवलं.’