पंडुरोग, परळ आणि यीस्टची बरणी

अशक्तपणाची तक्रार ज्या घरांत कधींच ऐकूं आली नाहीं असें घर शोधून काढणें कठीण आहे. जिना चढतांना धाप लागणें, उठतां-बसतां डोळ्यांपुढें अंधारी येणें, नखांचा व जिभेचा रंग फिका पडणें, या खुणा आपल्या आजीबाईंना चांगल्या ठाऊक होत्या, आणि "अंगांत रक्त नाहीं" या तीन शब्दांत त्या त्यांचें निदान करून मोकळ्या होत. मग उपाय सुरू होत. कोणी अळिवाचे लाडू वळी, कोणी खारीक नि डिंक कुटी, कोणी वैद्यबुवांकडून मंडूराची पुडी आणी. आणि नव्या वळणाचे गृहस्थ संध्याकाळीं घरीं परततांना टॉनिकची बाटली काखेंत मारून येत. आजहि आपल्या फडताळांत ही सारी मंडळी शेजारीं शेजारीं गुण्यागोविंदानें नांदत असतात. त्यांपैकीं कोणाचा गुण नेमका कशावर, आणि कोणाचा मुळींच नाहीं, असें आपण सहसा विचारीत नाहीं. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं आपल्या मुंबईंत, परळच्या एका प्रयोगशाळेंत बसून, एका इंग्रज विदुषीनें हा प्रश्न मोठ्या नेटानें विचारला. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

तत्पूर्वीं थोडें मागें जावें लागेल. पंडुरोगावर लोह द्यावें ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेंतील पांडुरोगाच्या प्रकरणांत नवायस चूर्ण सांगितलें आहे. त्यांत त्रिफळा, त्रिकटु, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशीं नऊ वनस्पतिद्रव्यें, आणि त्या नवांच्या बरोबरीनें लोहाचें चूर्ण. यूरोपांतहि सतराव्या शतकांत सिडनहॅम नांवाचा प्रसिद्ध इंग्रज वैद्य फिकट पडलेल्या मुलींना लोह देत असे. आणि १८३२ च्या सुमारास ब्लो नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें लोहाच्या ज्या गोळ्या काढल्या त्या पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगभर खपल्या. रक्ताचा लाल रंग ज्या द्रव्यामुळें येतो त्यांत लोह असतें, हें ज्ञान नसतांनाहि यांतील जुन्या लोकांचा हात नेमक्या बरणीवर पडला होता. अनुभवाच्या वैद्यकाला हंसणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

परंतु लोहानें सारे रोगी बरे होत नसत, आणि आपली गोष्ट येथूनच सुरू होते. लोह कमी पडलें कीं रक्तांतील तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. याच्या अगदीं उलट, कांहीं रोग्यांच्या रक्तांत पेशी संख्येनें फार थोड्या, पण आकारानें वाजवीपेक्षां मोठ्या दिसत. अशा रोग्यांना लोह कितीहि दिलें तरी व्यर्थ. पाश्चात्त्य देशांत या प्रकारच्या एका रोगाला 'पर्निशस ॲनिमिया', म्हणजे घातक पंडुरोग, असें नांव होतें आणि तें नांव सार्थ होतें. १९२६ सालीं अमेरिकेंत मायनट आणि मर्फी या दोघांनीं असें दाखवून दिलें कीं, रोज १२० ते २४० ग्रॅम यकृत खावयास घातलें तर हे मरणोन्मुख रोगी उठून बसतात. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिपल यांच्यासह १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मुंबईंत गरोदर स्त्रियांना होणारा पंडुरोग दिसावयास हुबेहूब असाच होता. तो गरिबांच्या वस्तींत, गिरणींत काम करणाऱ्या कुटुंबांत आणि बहुधा दिवस भरत आल्यावर गांठी. बाई पांढरीफटक पडे, पायांवर सूज येई, आणि पुष्कळदां बाळंतपणाच्या आगेंमागें आई व मूल दोघेंहि हातचीं जात. बाळंतपणांतील मृत्यूंची चौकशी करण्याचें काम त्या वेळीं मार्गारेट बालफोर या डॉक्टरीणबाईंनीं अंगावर घेतलें होतें. त्यांच्याच सांगण्यावरून १९२८ सालीं लूसी विल्स मुंबईस आल्या.

विल्सबाईंचा जन्म १८८८ चा. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास करून १९११ सालीं परीक्षा दिली. परीक्षा पास होणाऱ्या स्त्रियांना पदवी मात्र द्यावयाची नाहीं, असा त्या विद्यापीठाचा शिरस्ता होता, आणि तो १९४८ पर्यंत टिकला. पुढें लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांतून १९२० सालीं त्या डॉक्टर झाल्या. परळला हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें, म्हणजे जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या ज्या वास्तूंत १८९९ पासून प्लेगच्या लशीचें काम चालत आलें होतें तेथें, त्यांचा मुक्काम पडला.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम त्यांनीं संशय घेतला तो जंतूंचा. आंतड्यांत एखादा जंतु घर करून बसला असेल काय, याचा त्यांनीं शोध घेतला. तसा कांहीं हातीं लागेना. मग त्या वळल्या रोग्यांच्या ताटाकडे. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनीं मुंबईंतील स्त्रियांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली व ती १९३० सालीं प्रसिद्ध झाली. जिच्या ताटांत दूध, फळफळावळ आणि पालेभाजी यांना जागा कमी, तिला हा रोग होण्याचा संभव अधिक. जातिधर्म कोणताहि असो, हाताशीं पैसा असलेल्या, नीट खाणाऱ्या बाईला तो सहसा होत नसे. आतां हें सांगावयास डॉक्टर कशाला हवा, असें कोणी म्हणेल. पण "चांगलें खावें" हा उपदेश झाला, निदान नव्हे. त्या ताटांत नेमकें काय नाहीं, हें ओळखणें ही खरी गोष्ट होती. बाईंनीं 'अ' आणि 'क' हीं जीवनसत्त्वें देऊन पाहिलीं. रक्त सुधारलें नाहीं.

मग उंदरांवर प्रयोग झाले. मुंबईंतील गरीब स्त्रिया जें अन्न खात तेंच उंदरांच्या माद्यांना घातलें. त्यांनाहि पंडुरोग झाला, आणि कित्येक विण्यापूर्वींच मेल्या. त्याच अन्नांत यीस्ट मिसळलें तेव्हां रोग टळला. बाईंना हर्ष झाला असेल; पण पुढें असें आढळून आलें कीं, उंदरांच्या अंगावरील उवांमुळें एका निराळ्याच जंतूचा संसर्ग त्यांना होतो आणि त्यानेंहि रक्त नासतें. एका उवेनें सारा हिशेब गढूळ करावा! दुसऱ्या एखाद्यानें हा मार्गच सोडला असता. बाईंनीं ऱ्हीसस जातीचीं माकडें घेतलीं आणि नव्यानें आरंभ केला. निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या माकडांना तोच मोठ्या पेशींचा पंडुरोग झाला, आणि यीस्टच्या अर्कानें तीं बरीं झालीं.

यकृताच्या अर्कानें मुंबईच्या स्त्रिया बऱ्या होत, हें त्यांनीं पाहिलेंच होतें. पण यकृताचा अर्क महाग, आणि ज्या बायांसाठीं तो हवा होता त्यांतील कित्येकींना तो खाणें धर्मानें निषिद्ध. म्हणून बाईंनीं हात घातला तो मार्माइटच्या बरणीला. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टींत उरलेल्या यीस्टचा काळसर, खारट अर्क. १९०२ पासून इंग्लंडांत तो तयार होत होता आणि इंग्रज लोक न्याहारीच्या वेळीं पावाला चोपडून तो खात. ही किराणा दुकानांतील वस्तु परळच्या रोगी स्त्रियांना चमचा-चमचा देण्यांत आली. आठवड्याच्या आंतबाहेर त्यांच्या रक्तांत नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची गर्दी दिसूं लागली, भूक परत आली, चेहऱ्यावर रंग चढूं लागला. १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें विल्सबाईंनीं ही हकीकत छापली. त्या अर्कांतील कोणत्या द्रव्याचा हा गुण, हें त्यांना तेव्हां सांगतां येत नव्हतें. पुढील मंडळींनीं त्याला 'विल्स घटक' असें नांव दिलें.

तो घटक कोणता नव्हे, हें मात्र त्यांनीं लौकरच सिद्ध केलें, आणि माझ्या मतें त्यांच्या बुद्धीचा खरा कस येथें दिसतो. कारखानदार यकृताचा अर्क उत्तरोत्तर शुद्ध करीत चालले होते. हा शुद्ध अर्क टोंचला कीं पाश्चात्त्य पर्निशस रोगी उत्तम बरे होत. परंतु विल्सबाईंच्या रोग्यांना त्याचा कांहींच गुण येईना. उलट जुना, ओबडधोबड अर्क त्यांना लागू पडे. याचा अर्थ उघड होता. यकृतांत दोन निरनिराळीं द्रव्यें आहेत, आणि शुद्ध करतांना त्यांतील एक सांडून जातें. दिसावयास अगदीं जुळे असलेले दोन रोग आणि त्यांचीं दोन औषधें. १९३७ सालीं हें प्रसिद्ध झालें.

पुढील कथा थोडक्यांत सांगतों. १९४१ सालीं टेक्सास विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं चार टन पालकाची भाजी आटवून तिच्यांतून एक द्रव्य काढलें. लॅटिन भाषेंत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचें नांव फॉलिक ॲसिड. १९४५ च्या सुमारास लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीत्या तयार झालें. तेथील संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रांत भीमवरम् येथें जन्मलेले. विल्स घटक तो हाच, असें ठरलें. दुसरें द्रव्य, म्हणजे शुद्ध अर्कांतलें, १९४८ सालीं हातीं आलें. तेंच 'बी-१२' जीवनसत्त्व.

या दोन नांवांचा घोळ घालणें किती महाग पडतें, हें लगेचच दिसून आलें. 'बी-१२' ची उणीव असलेल्या रोग्याला नुसतें फॉलिक ॲसिड दिलें तर त्याचें रक्त सुधारतें आणि घरची माणसें निश्चिंत होतात. पण आंत मज्जातंतूंचा नाश चालूच राहतो. हातापायांना मुंग्या येतात, तोल जाऊं लागतो, आणि फार उशीर झाला तर गेलेलें परत येत नाहीं. शुद्ध शाकाहारी घरांतून 'बी-१२' ची उणीव आपल्याकडे विशेष आढळते, कारण वनस्पतींत तें जवळजवळ नसतेंच. दूध-दुभत्यांतून जें मिळेल तेवढेंच. तेव्हां रक्त न तपासतां, शेजारणीला गुण आला म्हणून तीच बाटली आपणहि आणणें, हा खेळ धोक्याचा आहे.

वनस्पतींच्या औषधांविषयींहि एक शब्द सांगणें अवश्य आहे. लोहाचें भस्म व्हावयास शोधन-मारणाचे संस्कार शास्त्रानें सांगितले आहेत, ते उगीच नव्हेत. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीसाठीं अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या परिसरांतील दुकानांतून ७० आयुर्वेदीय तयार औषधें विकत घेऊन तपासलीं, तों त्यांतील १४ मध्यें शिसें, पारा किंवा सोमल सांपडला. अळिवाच्या लाडवाला असा कांहीं धोका नाहीं. त्यांत लोह आहे. त्याबरोबर आवळा किंवा लिंबू पोटांत गेलें तर तें लोह अंगीं अधिक लागतें, आणि जेवणावर लागलीच चहा प्याल्यास कमी. हरभरा आणि मूग यांत फॉलिक ॲसिडच्या जातीचें द्रव्य विपुल आहे. पालेभाजींतहि तें आहेच. पण भाजी तासभर रटरटत ठेवून वरचें पाणी ओतून देणाऱ्या गृहिणीनें तें मोरीला दिलें असें समजावें. तथापि गरोदरपणाची गरज नुसत्या लाडवानें भागत नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, २०१९ ते २१ या काळांत, आपल्या देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ५२.२ पंडुरोगी आढळल्या. यासाठींच सरकारी दवाखान्यांतून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड यांची एकत्र गोळी गरोदर स्त्रियांना १८० दिवस रोज देण्याची योजना आहे. अशा गोळ्या वांटण्याची राष्ट्रीय योजना १९७० पासूनची. पुष्कळ बायका मळमळतें म्हणून ती अर्ध्यावर सोडतात.

विल्सबाई १९४७ सालीं लंडनच्या रुग्णालयांतून निवृत्त झाल्या. त्यानंतरहि त्या स्वस्थ बसल्या नाहींत. दक्षिण आफ्रिकेंत आणि फिजी बेटांत जाऊन त्यांनीं तेथील लोकांचा आहार नि पंडुरोग यांचा अभ्यास केला. १९६४ सालीं त्या वारल्या. त्यांच्या घटकाचा आणखी एक गुण १९९१ सालीं ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगानें उजेडांत आला. ज्यांच्या आधींच्या गर्भांत पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष आढळला होता अशा मातांना गर्भ राहण्याच्या आधींपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलें, तेव्हां पुढच्या मुलांत तो दोष शेंकडा ७२ नीं कमी झाला. गर्भाच्या कण्याची ही नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटून जाते, बहुधा आईला दिवस गेल्याची खात्री होण्यापूर्वींच. म्हणून ज्यांच्या घरीं असा प्रसंग पूर्वीं आलेला नाहीं, त्यांनाहि डॉक्टर ४०० मायक्रोग्रॅमची साधी मात्रा लग्नानंतर, मूल हवें असें ठरवितांक्षणींच, सुरू करण्यास सांगतात.